कुणाला विचारून नेलं?

नांदेड, वसमत, हिंगोली हा हळदीचा पट्टा. इथल्या शेतकऱ्याला हळदीचा भाव कळतो, बेणं कळतं, कुकरमध्ये शिजवून वाळवण्याची मेहनतही कळते. पण २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना दिलं, तेव्हा या पट्ट्यात त्याचा पत्ता नव्हता. पेटंटचा क्रमांक होता ५४०१५०४. दोन्ही संशोधक भारतीय वंशाचे. पोर पडून गुडघा फुटला की जी चिमूट आजी डब्यातून काढते, तिच्यावर कागदोपत्री सातासमुद्रापलीकडे हक्क बसला होता.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिलं आणि संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांसह ३२ संदर्भ पुढे ठेवले. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापून आलेला एक निबंधही त्यात होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पारंपरिक ज्ञानाच्या बळावर विकसनशील देशाने अमेरिकेतलं पेटंट उलथवल्याची ही गाजलेली घटना. तिचा अभिमान वाटावा हे योग्यच.

तरीही मला वाटतं, या विजयातून आपण अर्धाच धडा घेतला. अमेरिकेतला पेटंटचा कायदा मुख्यतः एकच प्रश्न विचारतो, की ही गोष्ट नवी आहे का. ती कुणाकडून घेतली, घेताना त्यांना विचारलं का, हे तो विचारत नाही. हळदीच्या बाबतीत ते विचारायची गरजही पडली नाही, कारण हळद साऱ्यांची. जे आधीच छापलेलं होतं ते दाखवलं आणि खटला जिंकला. मग देशाच्या मनात एक सूत्र पक्कं बसलं, की चोर परदेशी असतो आणि त्याच्यावरचा उपाय म्हणजे नोंद. सगळं लिहून काढा, म्हणजे कुणी पळवणार नाही. पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय २००१ पासून उभं राहू लागलं ते याच विचारातून.

चरकसंहितेतलं ज्ञान असं लिहून ठेवल्याने वाचतं. पण जे ज्ञान कुठल्याच ग्रंथात नाही, एका पाड्यावरच्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांकडेच आहे, ते त्यांना न विचारता लिहून काढलं तर वाचत नाही. ते त्यांच्या हातून जातं.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट आणि माहूर हे दोन तालुके आहेत. पैनगंगेचा काठ, सागाचं जंगल, मोह, तेंदू, चारोळी, बेहडा, बिब्बा. वस्ती गोंड, कोलाम, आंध, परधान आणि बंजाऱ्यांची. यातल्या कोलामांना केंद्र सरकार विशेष दुर्बल आदिवासी समूह मानतं. मराठवाड्यात राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येणारा मुलूख असेल तर तो एवढाच. १९५६ पर्यंत किनवट नांदेडमध्ये नव्हतं, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यपुनर्रचनेत ते इकडे आलं. कागदावर जिल्हा बदलला, राज्य बदललं, पण जंगलातल्या माणसाचे सोयरे पलीकडेच राहिले.

या मुलखाचा अभ्यासही सरकारच्या गरजेतूनच सुरू झाला. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा नेता कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. गोंड का उठले, हे हैदराबादच्या दरबाराला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ आदिलाबादच्या गोंडांत जाऊन राहिले. त्यांचा 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा ग्रंथ १९४८ मध्ये आला. त्यांनी गोंडांसाठी जमिनीचे पट्टे मिळवले, मारलावाईला शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र काढलं. ते माणूस म्हणून गोंडांच्या बाजूचे होते. पण तिथे येण्याची परवानगी त्यांना दरबाराने दिली होती. पुढे कितीतरी वर्षं हीच रीत राहिली. परवानगी वरून घ्यायची, माहिती खालून.

वनस्पतींच्या अभ्यासात मराठवाडा उशिरा आला. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा प्रसिद्ध ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. निजामाची हद्द त्याच्या बाहेर होती. ही उणीव भरून निघायला शतक संपावं लागलं. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले प्रा. वि. ना. नाईक यांनी आयुष्य खर्चून 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' सिद्ध केला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी चार वर्षं, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं होतं. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पीएचडी आता घराजवळ करता येऊ लागली, आणि विषय शोधणाऱ्याची नजर साहजिकच किनवटच्या जंगलाकडे वळली.

हे चांगलंच झालं, असं मी मनापासून म्हणतो. खेड्यातून आलेली मुलं आपल्याच जिल्ह्याची झाडं ओळखू लागली. अडचण होती ती लोकवनस्पतिशास्त्राच्या निबंधाच्या ठरलेल्या साच्यात. हा साचा देशभर सारखाच आहे. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, कुळ, वापरायचा भाग, कुठल्या आजारावर, मात्रा किती. शेवटी आभाराची एक ओळ, त्यात माहिती देणारे 'स्थानिक वैदू' किंवा 'आदिवासी बांधव'. नाव नाही, गाव असलं तर असलं. १६७८ साली ॲमस्टरडॅममध्ये छापायला सुरुवात झालेल्या 'होर्तुस मलबारिकुस'मध्ये डच अधिकारी व्हान रेडने इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचं नाव, त्याचं प्रमाणपत्र छापलं होतं. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांची साक्ष देवनागरीत छापली होती. वसाहतीचा माल मोजायला आलेल्या त्या माणसाला जे सुचलं, ते विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या विद्यापीठांना सुचेना.

नावापेक्षाही गंभीर गोष्ट वेगळी आहे. असा निबंध छापला गेला की त्यातलं ज्ञान जगजाहीर होतं. हळदीच्या खटल्यात जे शस्त्र होतं, तेच इथे उलटतं. छापलेल्या माहितीवर दुसऱ्याला सहज पेटंट घेता येत नाही हे खरं, पण ती माहिती वाचून औषध शोधायला निघालेल्या कंपनीला पाड्यावर यायचीही गरज उरत नाही. पाड्याकडे सौदा करण्यासारखं, नाही म्हणण्यासारखं काहीच राहत नाही. म्हणून प्रश्न विचारायची वेळ औषध बाजारात आल्यावरची नाही. वही उघडण्याआधीची आहे.

हे ज्या प्रकरणाने भारताला शिकवलं ते केरळातलं, आणि ते सविस्तर सांगायला हवं, कारण आजही ते आदर्श म्हणून सांगितलं जातं.

डिसेंबर १९८७. अगस्त्यमलैच्या डोंगरात शास्त्रज्ञांचं एक पथक चढत होतं. केंद्र सरकारच्या लोकजीवशास्त्राच्या अखिल भारतीय प्रकल्पाचं हे पथक, प्रमुख डॉ. पी. पुष्पांगदन. वाट दाखवायला काणी जमातीचे तरुण होते. शास्त्रज्ञ दमून बसत होते आणि काणी मात्र खिशातली लहानशी फळं चघळत ताजेतवाने चालत होते. त्यांनी ती पाहुण्यांनाही दिली. खाल्ल्यावर अंगात तरतरी आली. हे कुठलं झाड, असं विचारल्यावर काणी गप्प झाले. जमातीबाहेर सांगायचं नाही, असं ते गुपित होतं. शास्त्रज्ञांनी समजूत घातली, आम्ही याचा गैरवापर होऊ देणार नाही म्हणाले, आणि अखेर त्या तरुणांनी झाड दाखवलं. आरोग्यपच्चा.

संमती कशी मिळते, हे इथे स्वच्छ दिसतं. रोजंदारीवर वाट दाखवणारा तरुण, समोर सरकारी मोठे लोक, आणि एका दमछाकीच्या दुपारी घातलेली गळ. त्या तरुणांना जमातीच्या वतीने हे सांगायचा अधिकार होता का? काणींमध्ये औषधाचं ज्ञान प्लाथी सांभाळतात. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे कित्येक प्लाथींनी आपलं ज्ञान खाजगी कंपनीला विकण्याला उघड विरोध केला.

शास्त्रज्ञांची नियत वाईट नव्हती, हेही तितकंच खरं. तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान आणि संशोधन संस्थेत त्या झाडापासून 'जीवनी' हे शक्तिवर्धक तयार झालं. १९९५ मध्ये ते बनवण्याचा परवाना कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी दिला गेला, दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन या बोलीवर. यातला निम्मा वाटा काणींचा, असं संस्थेने स्वतःहून ठरवलं. तेव्हा असा कुठला कायदा देशात नव्हता. १९९७ मध्ये काणींचा न्यास स्थापन झाला आणि १९९९ मध्ये त्याच्या खात्यावर पाच लाखांहून थोडी अधिक रक्कम जमा झाली. जगभरच्या परिषदांत काणींचं उदाहरण दिलं जाऊ लागलं.

डोंगरात चित्र वेगळं होतं. न्यासात मुख्यतः एका पंचायतीतले काणी होते. बाकीच्या पंचायतींतल्या काणींचं म्हणणं होतं, आम्हाला कुणी विचारलंच नाही. मागणी वाढली तशी पानांची तोड वाढली, वनखात्याने लागवडीला परवानगी दिली नाही आणि पाला मिळेनासा झाला. एका अमेरिकी कंपनीने 'जीवनी' हे नावच तिकडे आपल्या व्यापारचिन्हासाठी नोंदवलं. पैसे वाटून घेण्याचा प्रयत्न प्रामाणिक होता, तरी गणित चुकलं, कारण वाटणी मागून आली आणि विचारणा कधी झालीच नाही. पुष्पांगदन यांच्याबद्दल मला आदर आहे. कायद्याने मागितलं नसताना निम्मा वाटा देणारा माणूस विरळा. पण वाटा दिला म्हणजे आधी विचारायचं राहिलं ते भरून निघतं, असं मला वाटत नाही.

त्याच वर्षांत इकडे महाराष्ट्रात, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात, एक छोटं गोंड गाव दुसऱ्या टोकाने सुरुवात करत होतं. मेंढा, लेखा गावाजवळचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर इंचमपल्ली-भोपालपट्टणम धरणांविरुद्धचं 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन पेटलं, बाबा आमटे त्यात उतरले, धरणं मागे पडली. त्या आंदोलनातून गावोगाव एक जाग आली. मेंढ्यात देवाजी तोफा आणि गावकरी, आणि त्यांच्यासोबत 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल, यांनी ग्रामसभा उभी केली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली.

मेंढ्याच्या ग्रामसभेत मतदान होत नाही. सर्वसहमती लागते. एकाची हरकत असली तरी निर्णय थांबतो, त्याचं म्हणणं ऐकलं जातं, विषय पुढच्या बैठकीत येतो. बाई असो, बाप्या असो, हरकतीचं वजन सारखंच. शिवाय तिथे अभ्यासगट असतात. बाहेरचे जाणकार बोलवायचे, पण विषय गावाने ठरवायचा. मधमाश्यांचा असाच अभ्यास झाला आणि पोळं न जाळता, माश्या न मारता मध काढायची पद्धत बसली. बाहेरच्या कुणाला गावात येऊन संशोधन करायचं असेल तर त्याला आधी ग्रामसभेसमोर यावं लागतं. काय करणार, कशासाठी, त्यातून गावाला काय मिळणार, हे सांगावं लागतं. आणि थांबावं लागतं. संशोधकाच्या वेळापत्रकाशी ग्रामसभेला देणंघेणं नसतं.

ही थांबण्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संमतीचा छापील कागद सहीसाठी पुढे सरकवला की माणूस सही करतो, अंगठा देतो. सर आलेत, लांबून आलेत, नाही कसं म्हणायचं? पण हाच प्रश्न ग्रामसभेत गेला की माणूस एकटा राहत नाही. आज नको, पुढच्या बैठकीत बघू, असं म्हणता येतं. झाड दाखवा पण मात्रा सांगू नका, असंही म्हणता येतं. काणी तरुणांकडे त्या दुपारी असं काहीच नव्हतं.

नव्वदच्या दशकात माधव गाडगीळ यांनी लोकांच्या जैवविविधता नोंदवहीची कल्पना मांडली. ती अनेक राज्यांतल्या गावांत करून पाहिली गेली, त्यात मेंढाही होतं. आपल्या रानात काय आहे, काय घटतंय, कोण काय जाणतं, हे गावानेच लिहायचं आणि वही गावाकडेच ठेवायची. लिहायचं की नाही, किती लिहायचं, कुणाला दाखवायचं, हा हक्क गावाचा. नोंद आणि संमती एकत्र नांदू शकतात, हे त्यातून दिसलं. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. म्हणजे विचारण्याची रीत आधी बसली आणि कायद्याचा कागद नंतर आला.

मग जैवविविधता कायद्याचं काय? १९९२ च्या रिओ परिषदेतल्या करारावर भारताने सही केली आणि दहा वर्षांनी, २००२ मध्ये, आपला जैवविविधता कायदा झाला. चेन्नईला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण, राज्यांत मंडळं, गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती, अशी तीन मजली रचना. महाराष्ट्राचं मंडळ नागपूरला आहे, ते २०१२ मध्ये झालं. कायदा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. परदेशी माणसाला किंवा परदेशी भांडवल असलेल्या (२०२३ च्या दुरुस्तीनंतर परदेशी नियंत्रणाखालच्या) कंपनीला संशोधनासाठीही प्राधिकरणाची परवानगी लागते. भारतीय कंपनीला व्यापारी उपयोग करायचा तर राज्य मंडळाला आधी कळवावं लागतं. पेटंट घ्यायचं तर भारतीयालाही प्राधिकरणाकडे जावं लागतं. पण भारतीय संशोधकाला निव्वळ अभ्यासासाठी वनस्पती आणि तिचं ज्ञान गोळा करायला या कायद्याखाली कुणाचीच परवानगी लागत नाही. जंगलात शिरायला वनखात्याचा कागद लागतो, तो वेगळा. पाड्याला विचारायचं बंधन नाही. कलम ४१ प्राधिकरणाला आणि मंडळाला एवढंच सांगतं, की निर्णय घेताना गावसमितीशी सल्लामसलत करा. सल्लामसलतीत गाव नाही म्हणालं तर काय, याचं उत्तर तिथे सापडत नाही. पुढे २०१० मध्ये नागोया इथे झालेल्या करारात मूळनिवासी आणि स्थानिक समुदायांच्या पूर्वसंमतीची भाषा स्पष्ट आली. भारताने तो २०१२ मध्ये मान्य केला. गावसमितीचं काम मात्र सल्ला देण्यापुरतंच राहिलं.

या कायद्याची पहिली मोठी परीक्षा मराठवाड्याच्या कंपनीवरून झाली, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. संकरित बियाणं शेतकऱ्याच्या दारात नेण्याच्या कामासाठी बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मराठवाड्याने अभिमानाने सांगावं असं ते काम. पुढे महिकोत अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचा २६ टक्के हिस्सा आला. २००५ मध्ये महिको, हैदराबादची सतगुरू ही सल्लागार कंपनी आणि धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ यांच्यात करार झाला. विद्यापीठाने वांग्याचे स्थानिक वाण द्यायचे आणि त्यांत बीटी जनुक घालायचं. कर्नाटकातून सहा वाण निवडले गेले. त्यात कुडचीचं होतं, रबकवीचं होतं, पुण्याजवळच्या मांजरी गावाचं नाव मिरवणारं मांजरी गोटा होतं, आणि उडुपीचं गुळ्ळही. उडुपीजवळच्या मट्टू गावातले लोक मानतात, की या वांग्याचं बी वादिराज स्वामींनी त्यांच्या पूर्वजांना दिलं. कृष्णमठात आजही ते जातं.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी बीटी वांग्याला तांत्रिक समितीची मंजुरी मिळाली. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. हेच मंत्री पुढच्या वर्षी मेंढ्याला गेले, गावाच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने सोपवायला. स्थगितीनंतर आठवडाही झाला नव्हता, तेव्हा बंगळुरूच्या एन्व्हायर्नमेंट सपोर्ट ग्रुप या संस्थेने कर्नाटकच्या जैवविविधता मंडळाकडे तक्रार केली. हे वाण घेताना प्राधिकरणाची परवानगी आणि गावसमित्यांशी सल्लामसलत, यातलं काहीच झालं नाही, असं तिचं म्हणणं. २०११ मध्ये प्राधिकरणाने कायदेशीर कारवाईचा निर्णय घेतला, २०१२ मध्ये धारवाडच्या न्यायालयात फिर्याद गेली, आणि २०१३ मध्ये उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने ती रद्द करायला नकार दिला. कंपनी आणि विद्यापीठ यांनी आरोप नाकारले. आपण फक्त तंत्रज्ञान दिलं, वाण विद्यापीठाचेच होते, हा कंपनीचा मुद्दा. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही सरकारी संस्था आहोत, काम शेतकऱ्यांसाठीच चाललंय. हे आरोप आहेत, सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

मला या प्रकरणात अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. परवानगीचा प्रश्न निघाला तो मोन्सॅन्टोच्या हिश्शामुळे. तो हिस्सा नसता तर प्राधिकरणाकडे जाण्याची अट एवढी कडक उरली नसती. मट्टूच्या शेतकऱ्याचा हक्क परदेशी भांडवलाच्या टक्केवारीवर का ठरावा? आणि वाण विद्यापीठाचे, हे म्हणणं तरी कसं टिकावं? विद्यापीठाच्या शीतगृहात बी ठेवलं म्हणून ते विद्यापीठाचं होत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या निवडून, वाळवून, राखेत घोळवून ठेवणारे हात कुणाचे होते, हे सगळ्यांना माहीत आहे.

यानंतरचा इतिहास घाईचा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने सगळ्या ग्रामपंचायतींत समित्या आणि नोंदवह्या करायला ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली, नाही तर राज्याला महिन्याला दहा लाखांचा दंड. देशात २ लाखांवर नोंदवह्या झाल्या. गाडगीळांच्या कल्पनेत गाव दोन-दोन हंगाम बसून वही लिहायचं. दंडाच्या धाकाने कितीतरी ठिकाणी कंत्राटावर, एकाच मसुद्यात गावांची नावं बदलून वह्या भरल्या गेल्या, अशी टीका तेव्हाच झाली आणि ती रास्त होती. ज्या समितीशी सल्लामसलत करायची, तिच्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसेल तर कायद्यातलं कलम ४१ कुणासाठी आहे?

२१ डिसेंबर २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात निकाल दिला, की लाभाचा वाटा भारतीय कंपन्यांनीही दिला पाहिजे. जंगलातून मुळ्या गोळा करणाऱ्यांच्या बाजूने बोलणारा तो निकाल होता. पाच वर्षं झाली नाहीत तोच २०२३ मध्ये कायदा बदलला. नोंदणीकृत आयुष वैद्य, लागवडीच्या औषधी वनस्पती, आणि ग्रंथांत नोंदलेलं पारंपरिक ज्ञान यांना वाटणीतून सूट मिळाली, तुरुंगवासाची तरतूद गेली, दंड राहिला. व्यवसाय सुलभ व्हावा हा हेतू असेल. पण ग्रंथांतलं ज्ञान ग्रंथात कुठून आलं, हा प्रश्न त्या दुरुस्तीने बंद करून टाकला.

आता नांदेड-लातूरकडे परत येतो. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथ आहे. जवळच्या टेकडीला संजीवनी बेट म्हणतात. उत्तरा नक्षत्रात तिथे लांबून माणसं येतात, झाडपाला खातात, बरं वाटेल या आशेने हिंडतात. तिथे एकच जमात नाही, एकच वैदू नाही. ज्ञान पंचक्रोशीत पसरलेलं आहे. तिथलं रोप उद्या कुणी प्रयोगशाळेत नेलं तर विचारायचं कुणाला? माझं उत्तर स्पष्ट आहे, वडवळच्या आणि लगतच्या गावांच्या ग्रामसभांना. ज्ञान सगळ्यांचं आहे म्हणून कुणालाच विचारायचं नाही, हा तर्क हळदीबाबत चालून गेला, कारण हळद देशभर आहे. एका टेकडीबाबत तो चालत नाही.

किनवट-माहूरमध्ये तर सबबही नाही. पाचव्या अनुसूचीमुळे तिथे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ मध्ये आले, गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मानला गेला आहे. मेंढ्याने कायद्याआधी जे केलं, ते कोलामांच्या पाड्याला आज कायद्याच्या आधाराने करता येतं. आणि विद्यापीठांनाही नमुना शोधत हिंडायला नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांत लिहिलेलं आहे, की समाजाच्या प्रमुखाची परवानगी घेतली तरी प्रत्येक व्यक्तीची संमती वेगळी घ्यावी लागते. रक्ताचा नमुना घेणारा संशोधक हे पाळतो. झाडाचा नमुना घेणारा म्हणतो, मी तर झाडाचा अभ्यास करतोय. पण झाड त्याने एकट्याने ओळखलेलं नसतं. कुणीतरी त्याला बोट दाखवलेलं असतं.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांतल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना माझी विनंती आहे. विद्यार्थ्याला किनवटला पाठवण्याआधी ग्रामसभेच्या बैठकीची तारीख विचारा आणि त्याला तिथे मराठीत, जमलं तर गोंडीत किंवा कोलामीत, आपला विषय मांडायला लावा. बैठक पुढे गेली तर प्रबंधही पुढे जाऊ द्या. ज्यांनी माहिती दिली त्यांनी हो म्हटलं तर त्यांचं नाव छापा, नको म्हटलं तर गाळा. मात्रा आणि कृती छापायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. प्रबंध झाल्यावर एक प्रत मराठीत ग्रामपंचायतीत द्या. आणि ज्या ग्रामसभेने नाही म्हटलं, तिथून विद्यार्थ्याला रिकाम्या हाताने परत बोलवा. विषय दुसरा मिळेल.

ग्रामसभांनाही एक सांगणं. तुमच्या गावच्या जैवविविधता नोंदवहीची प्रत पंचायतीत मागून घ्या, सभेत वाचून घ्या. चुकीचं असेल ते खोडा, सांगायचं नव्हतं ते काढून टाकायला लावा. ती वही तुमची आहे आणि ती कुणाला दाखवायची हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे.